झटका, जोडा आणि जीएबीआरजी-२

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावी आशाताई, अंगणवाडीताई आणि शिक्षकांपुढे झालेलं व्याख्यान, थोडं संपादित.)

पत्रिकेत ‘जीएबीआरजी-२ जनुक’ असा विषय छापलाय. तिथं जायचंच आहे, पण वाटेत जोडा आडवा येतो. गावात कुणाला झटका, म्हणजे फीट, आली की पहिली आरोळी कोणती? ‘जोडा सुंगवा बे!’ दुसरी, ‘कांदा फोडा!’ त्यातही जोडा चामड्याचाच पाहिजे, प्लास्टिकच्या चपलेला तो मान नाही. (हशा)

हसता कशाला, जोड्याचा रिझल्ट चांगला आहे! बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. जोडा शोधण्यात एक मिनिट, तो नाकाशी धरण्यात दुसरं. तेवढ्यात झटका थांबतो आणि श्रेय जोड्याला. नाहीच थांबला तर जोड्याला कुणी बोल लावत नाही, मग ते ‘बाहेरचं’ असतं. शिवाय झटका थांबवायचं औषध द्यायचं नाकातून, आणि नाक जोड्यानं अडवलेलं! दातांत चमचा घालणाऱ्यांची तऱ्हा वेगळी: जीभ वाचत नाही, दात मात्र तुटतो. तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जायची भीती. पोराला कुशीवर वळवा, गळ्याचं बटण सोडा, हातपाय दाबू नका, घड्याळ पाहा.

घड्याळ कशाला, तर या जनुकापायी. ते पाचव्या गुणसूत्रावर आहे आणि गॅमा-२ नावाचा प्रथिनाचा तुकडा बनवतं. पाच माणसं खांद्याला खांदा लावून गोल उभी राहावीत, तसा मेंदूतल्या पेशीवरचा गाबा-ए रिसेप्टर, म्हणजे गाबा या शांत करणाऱ्या रसायनाची बसायची जागा, असतो: बहुतेक दोन अल्फा, दोन बीटा, एक गॅमा. गाबा अल्फा-बीटाच्या सांध्यात बसला की मधली पोकळी उघडते, क्लोराइड आत शिरतं, पेशी शांत होते. झटका थांबवणारं औषध मिडाझोलाम बसतं अल्फा-गॅमाच्या सांध्यात आणि गाबाचा जोर वाढवतं.

फवारणीवाल्यांसाठी एक गोष्ट. एंडोसल्फान हे कीटकनाशक हीच पोकळी बुजवायचं, म्हणून त्याच्या विषबाधेत झटके यायचे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवलं. फिप्रोनिलही इथंच काम करतं, फक्त किडीच्या रिसेप्टरला जास्त घट्ट चिकटतं. ॲट्रोपिन हा यांचा उतारा नव्हे, तो मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांचा. म्हणून विषबाधा झालेल्या माणसासोबत फवारणीच्या औषधाचा डबाही दवाखान्यात न्या.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा भराभर सांगतो. झटका लांबला की पेशी हे गॅमावाले रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते. औषधाला बसायला जागाच कमी उरते. जो डोस पाचव्या मिनिटाला पुरतो, तो अर्ध्या तासानं अपुरा पडतो. म्हणून पाच मिनिटं झाली की डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे मारायचा. किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, 10 किलोच्या पोराला 2. स्प्रे 0.5 मिलिग्रॅमचा असेल तर चार फवारे, प्रत्येक नाकपुडीत दोन. पण 1.25 चीही बाटली मिळते. तिचे चार मारले तर श्वास मंदावेल. लेबल आजच वाचून ठेवा. नवी बाटली आधी हवेत दाबा, फवारा नीट येईपर्यंत. औषध दिल्यावर श्वासावर लक्ष ठेवा आणि गाडी काढा.

2001 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आणि फ्रान्समधल्या, झटके येणाऱ्या एकेका कुटुंबात या जनुकातले बदल सापडले. प्रयोगशाळेत असे काही बदललेले रिसेप्टर 40 अंश सेल्सिअसला थोड्याच मिनिटांत पृष्ठभागावरून कमी झाले. तापातल्या झटक्याचा एक धागा तो. पण पॅरासिटामॉलनं पोराला बरं वाटतं, झटका टळेलच असं नाही.

तापात एखादाच साधा झटका आलेल्या पोराची जनुकतपासणी करायची गरज नसते. सहा वर्षांनंतरही तापात झटके, किंवा ताप नसताना झटके, आणि घरात आणखी कुणाला असतील, तर सेवाग्राम-नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवा. अशा वेळी एससीएन१ए हे दुसरं जनुकही पाहतात, त्याचं चित्र असंच दिसतं. एकाच बदलानं एकाला नुसते तापातले झटके येतात, तर दुसऱ्याला वर्गात क्षणभर हरवल्यासारखं होतं. गुरुजी, ‘लक्ष नाही’ म्हणून ज्याला उभं करता, त्याचंही नाव सांगा. ताई, कुटुंबाची माहिती लिहिताना आजोळचीही लिहा.