‘एकेक’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

मंडळी, आधी दोन साधी वाक्यं ऐका. ‘मुलांना एकेक लाडू दे.’ आणि ‘मुलांना एकेक करून आत पाठव.’ पहिल्या वाक्यात वाटणी आहे, दुसऱ्यात क्रम. मराठीत दोन्हीकडे ‘एकेक’ चालतो, अर्थ आपोआप कळतो. इंग्रजीत शिरताना मात्र आपण दोन्ही ठिकाणी ‘वन बाय वन’ लावून मोकळे होतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

वाटणीचं आधी सांगतो, ते सोपं आहे. ‘गिव्ह द चिल्ड्रन वन लाडू ईच.’ इथे ‘ईच’ हवा. ‘वन वन लाडू’ हे इंग्रजी कपडे घातलेलं मराठी झालं.

क्रमाची गोष्ट खोल आहे, कारण तिथे इंग्रजीत दोन जवळचे प्रयोग आहेत: ‘वन बाय वन’ आणि ‘वन अ‍ॅट अ टाइम’. बऱ्याचदा दोन्ही चालतात, पण त्यांची नजर वेगळी आहे. ‘वन बाय वन’ अख्ख्या घोळक्याकडे बघतो. एक गेला, दुसरा गेला, असं करत सगळे संपले. म्हणून तो वर्णनात शोभतो: ‘वन बाय वन, द लाइट्स वेंट आउट.’ दिवे एकेक करून विझत गेले. ‘वन अ‍ॅट अ टाइम’चं लक्ष मर्यादेवर असतं: एका वेळी एकच, त्याहून जास्त नाही. म्हणून तो सूचनेत आणि नियमात येतो. वर्गात सगळी मुलं एकदम बोलायला लागली की बाई म्हणतात, ‘वन अ‍ॅट अ टाइम, प्लीज!’ तिथे ‘वन बाय वन’ म्हटलं तर कळेल, पण कानाला तितकं सहज वाटणार नाही.

केकच्या कृतीत हे अगदी स्वच्छ दिसतं. लोणी आणि साखर फेटून झाली की पुढची सूचना असते, ‘अ‍ॅड द एग्ज वन अ‍ॅट अ टाइम.’ म्हणजे नुसती ओळीनं चार अंडी फोडून घालायची नाहीत. एक घालायचं, ते पूर्ण एकजीव होईपर्यंत फेटायचं, मगच दुसरं. अंड्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. एवढं पाणी लोण्यातल्या चरबीला एका दमात सामावून घेता येत नाही, मग मिश्रण फाटल्यासारखं दाणेदार दिसतं. सूचनेतला सगळा भर त्या थांबण्यावर आहे.

आता व्याकरण. मराठीत आपण म्हणतो, ‘एकेक पाहुणा जात होता.’ नाम एकवचनी, क्रियापदही एकवचनी. ते तसंच उचललं की ‘वन बाय वन गेस्ट वॉज लीव्हिंग’ असं वाक्य तयार होतं, आणि ते चूक आहे. ‘वन बाय वन’ हे नामाचं विशेषण नव्हे, ते क्रियाविशेषण आहे. पाहुणे अनेक आहेत, म्हणून अनेकवचनच: ‘द गेस्ट्स वेअर लीव्हिंग वन बाय वन.’ जागा शक्यतो वाक्याच्या शेवटी, किंवा सुरुवातीला.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘अ‍ॅट अ टाइम’. आपल्या बोलण्यात ‘दोन्ही कामं अ‍ॅट ए टाइम कशी करू?’ असं सर्रास येतं, आणि तिथे आपल्याला म्हणायचं असतं ‘एकाच वेळी’. प्रमाण इंग्रजीत त्यासाठी ‘अ‍ॅट द सेम टाइम’ किंवा ‘अ‍ॅट वन्स’ आहे. ‘अ‍ॅट अ टाइम’ ‘एका वेळी इतके’ या अर्थाचा आहे, आणि त्या अर्थानं तो एकटा उभा राहत नाही. त्याच्या आधी संख्या किंवा माप लागतं: ‘वन’, ‘टू’, ‘अ फ्यू’. ‘टू स्टेअर्स अ‍ॅट अ टाइम’ म्हणजे एका ढांगेत दोन पायऱ्या. आणि ‘फॉर अवर्स अ‍ॅट अ टाइम’ म्हणजे सलग तासनतास. तिथे ‘एका वेळी’ हा अर्थ लावत बसलात तर वाक्य हातातून निसटेल.

संकटांबद्दल बोलताना ‘वन आफ्टर अनदर’ घ्या. ‘एकामागून एक’मधली ती दम न घेऊ देणारी रीघ त्यात आहे. ‘प्रॉब्लेम्स, वन अ‍ॅट अ टाइम’ म्हटलं की अर्थ जवळजवळ उलटतो: एक घेऊ, तो सोडवू, मग दुसरा. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या चळवळीत ‘वन डे अ‍ॅट अ टाइम’ हे वाक्य घोषवाक्यासारखं वापरलं जातं, ते याच अर्थानं. जन्मभर दारू सोडण्याची शपथ माणसाला पेलवत नाही, आजच्यापुरती पेलवते. त्याचं मराठी करताना ‘एका वेळी एक दिवस’ असं शब्दाला शब्द ठेवू नका, ते निर्जीव वाटतं. ‘फक्त आजचा दिवस’ म्हणा.

आणि हॉटेलात आपण सूप ‘वन बाय टू’ मागवतो ना, त्यातला ‘बाय’ भागाकाराचा आहे: एक भागिले दोन. लंडनमध्ये तसं मागितलंत तर वेटरला कळणार नाही. तिथे ‘वन सूप, टू बोल्स, प्लीज’ असं सांगायचं.