परतलेल्या विद्यार्थ्याचे देणे

महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या दर दहा हैतीवासीयांपैकी जवळजवळ आठ जण कॅरिबियन समुद्रातील आपल्या या देशाबाहेर राहतात, असे स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांचे अंदाज सांगतात. या गळतीला जोर आला तो १९५७ मध्ये फ्रांस्वा दुव्हालिए सत्तेवर आल्यानंतर. त्यांच्या राजवटीत शिकलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि शिक्षक, डॉक्टर, अभियंते एकामागून एक देश सोडू लागले. कोणी माँट्रियल गाठले, कोणी न्यूयॉर्क, तर कोणी नुकत्याच स्वतंत्र झालेल्या काँगोतील शाळांमध्ये शिकवायला गेले. या लोकांनी घराकडे पाठ फिरवली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण परदेशातून येणारी रक्कम आज हैतीच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे आणि असंख्य कुटुंबांची चूल तिच्यावरच पेटते. मात्र ज्या गावात डॉक्टरच उरलेला नाही, तिथे केवळ पैसे पाठवून उपचार होत नाहीत.

म्हणूनच जे परत आले, त्यांची कहाणी बारकाईने पाहायला हवी. डॉ. ज्याँ विल्यम पेप हे त्यांपैकी एक. हैतीत वाढलेल्या या विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमध्ये आधी कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १९७५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टरकीची पदवी मिळवली. अमेरिकेत स्थिरावण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तरीही सत्तरचे दशक संपता संपता ते हैतीच्या राजधानीला, पोर्ट-ओ-प्रिन्सला परतले. त्या वेळी देशावर दुव्हालिए यांच्या मुलाची, ज्याँ-क्लोद यांची हुकूमशाही होती.

परतल्यावर त्यांनी काय हाती घेतले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. संसर्गजन्य रोगांच्या उच्च प्रशिक्षणानंतर एखादी अद्ययावत प्रयोगशाळा उभारण्याचा मोह कोणालाही झाला असता. राजधानीतील सरकारी विद्यापीठ रुग्णालयात मात्र जुलाबाने कोरडी पडलेली तान्ही मुले रोज दाखल होत होती आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के मुले दगावत होती. डॉ. पेप यांनी १९८० मध्ये तिथे जलसंजीवनीचा विभाग सुरू केला. या उपचाराची किमया साधी आहे. जुलाब चालू असतानाही आतड्याच्या अस्तरातून साखरेबरोबर मीठ शोषले जाते आणि मिठामागोमाग पाणी शरीरात जाते, त्यामुळे योग्य प्रमाणातले साखर-मिठाचे पाणी चमच्याचमच्याने पाजत राहिले की बहुतेक मुलांना शिरेतून सलाइन देण्याची गरज उरत नाही. या ज्ञानाचा एक धागा आपल्या देशाशी जुळतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांहाती पाजवले होते आणि मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आणले होते. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या त्या विभागातही साधारण वर्षभरात बालमृत्यूंचे प्रमाण एक टक्क्यावर आले. एवढी मुले वाचली ती अशा औषधाने, ज्याच्या पुडीला जेमतेम काही रुपये पडतात.

याच सुमारास एक वेगळाच रुग्ण समोर येऊ लागला. धडधाकट प्रौढ माणसांना कोणत्याही उपचाराला न जुमानणारे जुलाब होत, त्यांचे वजन झपाट्याने घटे आणि ती माणसे हातची जात. २ मे १९८२ रोजी डॉ. पेप आणि त्यांच्या हैतीयन सहकाऱ्यांनी या आजाराच्या अभ्यासासाठी व उपचारासाठी ‘गेस्कियो’ ही संस्था स्थापन केली. जून १९७९ ते ऑक्टोबर १९८२ या काळात आढळलेल्या ६१ रुग्णांचा त्यांनी मांडलेला तपशील १९८३ मध्ये एका अग्रगण्य अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विकसनशील देशातील एड्सचे हे पहिलेच सविस्तर वर्णन मानले जाते.

त्या संशोधनाचे महत्त्व कळण्यासाठी तेव्हाची हवा लक्षात घ्यावी लागेल. अमेरिकेच्या रोगनियंत्रण यंत्रणेने मार्च १९८३ मध्ये हैतीच्या नागरिकांना सरसकट एड्सच्या धोक्याच्या गटात टाकले होते. एखाद्या वर्तनाकडे किंवा आजाराकडे बोट न दाखवता तिथे एका राष्ट्राच्या नावावरच शिक्का मारला गेला. परदेशातील हैतीयन माणसांच्या नोकऱ्या गेल्या, शाळेत मुलांना हिणवले गेले, आणि हैतीतील पर्यटन बसले ते पुन्हा नीट उठले नाही. हैतीत हा रोग इतर ठिकाणांप्रमाणेच ठरावीक मार्गांनी पसरतो आणि हैतीयन असणे हा त्याचा मार्ग नाही, हे रुग्ण तपासून आणि नोंदी ठेवून दाखवण्याचे काम देशातल्या डॉक्टरांनी केले. एप्रिल १९८५ मध्ये हैतीचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले. तरीही १९९० मध्ये अमेरिकेने हैतीयन लोकांच्या रक्तदानावर बंदी घातली, तेव्हा २० एप्रिल रोजी हजारो स्थलांतरितांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून मोर्चा नेला आणि त्या वर्षअखेर बंदी मागे घेतली गेली. मायदेशातल्या डॉक्टरांच्या नोंदी आणि परदेशातल्या लोकांचा आवाज, दोहोंची तिथे गरज होती, असे मला वाटते.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी हैतीतील सुमारे सहा टक्के प्रौढांना एचआयव्हीची लागण होती. पुढे हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उतरले, आणि तेही सत्तापालट, निर्बंध व वादळे सोसणाऱ्या देशात. यात अनेक संस्थांचा वाटा आहे. गेस्कियो टिकून राहिली त्याचे एक कारण असे, की परतताना डॉ. पेप यांनी कॉर्नेलशी असलेले नाते तोडले नाही. विद्यापीठाचे संशोधक, निधी आणि प्रशिक्षण यांचा ओघ चालू राहिला, तर कारभार व निर्णय हैतीयन लोकांच्या हाती राहिले. मायभूमीचे पांग फेडायचे तर परदेशाशी काडीमोड घ्यावा लागतो, हा समज इथे खोटा ठरतो.

१२ जानेवारी २०१० च्या ७.० तीव्रतेच्या भूकंपानंतर हजारो बेघर माणसांनी गेस्कियोच्या आवारातच आसरा घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील सांडपाण्यातून कॉलरा नदीत उतरला आणि त्याने पुढे सुमारे १०,००० बळी घेतले. जलसंजीवनी पुन्हा कामी आली. २०१२ मध्ये राजधानीतील झोपडपट्ट्यांत आणि आर्टिबोनीट खोऱ्यातील गावांत मिळून सुमारे एक लाख लोकांना कॉलराची तोंडावाटे द्यायची लस दिली गेली. ‘शांकोल’ नावाची ही लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने बनवली होती.

आज मात्र परतीची वाट फार बिकट झाली आहे. पोर्ट-ओ-प्रिन्सचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात असून ज्या सरकारी विद्यापीठ रुग्णालयात डॉ. पेप यांनी मुलांचा विभाग सुरू केला, ते २०२४ मध्ये बंद पडले. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते पुन्हा उघडण्याच्या कार्यक्रमावरच टोळीने गोळीबार केला आणि त्यात दोन पत्रकार व एक पोलीस मारले गेले. अशा वेळी माँट्रियल, डकार किंवा सांतो दोमिंगो येथे शिकणाऱ्या मुलाने उद्याच विमानात बसावे, असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. क्युबाने शेकडो हैतीयन तरुणांना मोफत वैद्यकीय शिक्षण दिले आणि परत जाऊन सेवा करण्याची अट घातली. ही अट योग्यच आहे, परंतु परतलेल्या डॉक्टरला वेतन, औषधे आणि सुरक्षित छप्पर देणारे पद आधी असायला हवे. म्हणून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या विद्यापीठांनी तिच्यासोबत हैतीतील एखाद्या चालू संस्थेशी करार करावा, विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय तिथल्या गरजेतून ठरवावा आणि तो परतेपर्यंत तिथल्या परिचारिकांना व तंत्रज्ञांना दुरून शिकवण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे.