कृष्णधवल फोटो, गोरा चेहरा आणि लाल लिपस्टिक

नमस्कार मंडळी. आज आपण बोलणार आहोत रेट्रो लुकवर, म्हणजे ते जुन्या हॉलिवूडच्या नट्यांचं दिसणं, बारीक कमानदार भुवया, डोळ्याच्या कोपऱ्यातून वर काढलेलं लायनर, लाल ओठ आणि कानाजवळून गालावर उतरणाऱ्या केसांच्या लाटा. हल्ली संगीतला, रिसेप्शनला, कॉलेजच्या रेट्रो डेला, प्री-वेडिंग शूटला हा लुक सारखा मागितला जातो, आणि माझ्याकडे ट्रायलला येणाऱ्या मुली मोबाइलमध्ये एखादा जुना फोटो घेऊनच येतात, ताई अस्संच करून द्या म्हणून. आता यातल्या ज्या मुली खूप गोऱ्या असतात, घाऱ्या डोळ्यांच्या, गालावर गुलाबी झाक असलेल्या, जरा उन्हात उभं राहिलं की नाक लाल होणाऱ्या, त्यांना घरचे सगळे म्हणतात तुला काय, तुला काहीही शोभेल. तसं अजिबात नसतं हो. हा लुक जसाच्या तसा उचलला तर गोऱ्या चेहऱ्यावर तो पटकन मुखवट्यासारखा दिसायला लागतो, म्हणून आजचं बोलणं खास त्यांच्यासाठी.

आणि एक आधीच सांगते, गोरं म्हणजे सुंदर असलं काही मला म्हणायचं नाहीये, लुकसाठी चेहरा उजळ करून घ्यायच्या भानगडीत तर कुणीच पडू नका. सावळ्या रंगावर हा लुक फार देखणा दिसतो, त्याचे रंग वेगळे, त्याची पद्धत वेगळी, त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर बोलू.

तर मूळ गोष्ट अशी आहे की आपण ज्या फोटोंवरून हा लुक उचलतो ते बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. मूकपटांच्या काळात जी फिल्म वापरायचे ना, तिला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणायचे, तिला लाल रंग दिसतच नव्हता. लाल ते सगळं तिच्यात काळं यायचं आणि निळं ते पांढुरकं व्हायचं. म्हणजे लाल ओठ काळे, गालावरची गुलाबी झाक काळपट, पुटकुळी आली असेल तर डाग, आणि निळे डोळे एकदम फिके, जवळजवळ रिकामे. यावर उपाय म्हणून चेहऱ्यावर जाड लेप द्यायचे, डोळ्यांभोवती गडद रंग भरायचे. १९२० च्या दशकाच्या शेवटी पँक्रोमॅटिक फिल्म सगळीकडे वापरात आली, तिला लाल दिसत होता, मग मेकपही बदलला. म्हणजे मूकपटांच्या काळातली हॉलिवूडची नटी क्लारा बो हिच्या फोटोत ते छोटे काळे ओठ दिसतात ते तिने काळे रंगवले होते असं नव्हे, ती त्या फिल्मची करामत. आणि आपण आज तो फोटो बघून गडद मरून, जवळजवळ काळी लिपस्टिक घेतो, गोऱ्या चेहऱ्यावर लावतो, आणि मग ती मुलगी आजारी का दिसतेय याचा विचार करत बसतो. आपल्याकडच्या दुर्गाबाई खोटे, लीला चिटणीस, शोभना समर्थ यांचे जुने फोटो बघतानाही हेच लक्षात ठेवा, आकार दिसतो तो खरा, रंग आपल्याला माहीत नाही.

पुढे रंगीत सिनेमा आला तेव्हा दुसराच घोळ झाला. मॅक्स फॅक्टर हे नाव तुम्ही ऐकलं असेल, पोलंडमध्ये जन्मलेला आणि १९०४ साली अमेरिकेत आलेला विग आणि मेकप करणारा माणूस, त्याच्या कंपनीने टेक्निकलरसाठी, म्हणजे तेव्हाच्या रंगीत सिनेमाच्या पद्धतीसाठी, पॅन-केक नावाचा मेकप काढला. वडीसारखा, ओल्या स्पंजने लावायचा. सेटवरच्या नट्यांना तो इतका आवडला की त्या तो घरी न्यायला लागल्या, पण त्याच्या शेड्स सिनेमाच्या प्रखर दिव्यांसाठी केलेल्या, बाहेर रस्त्यावर उन्हात त्या जास्तच गडद दिसायच्या, मग बाजारात आणताना फिक्या शेड्स कराव्या लागल्या. १९३८ मध्ये तो दुकानात आला. मला ही हकिगत फार महत्त्वाची वाटते, कारण तेव्हा हॉलिवूडच्या लोकांनाही हे कळलं होतं की पडद्यावरचा रंग घरच्या उजेडात चालत नाही. याच फॅक्टरने १९३५ मध्ये हॉलिवूडमध्ये मोठं सलून उघडलं, त्यात सोनेरी केसांच्या बायकांसाठी वेगळी खोली, तिच्या भिंती निळ्या, लाल केसांसाठी हिरवी, काळ्याभोर केसांसाठी गुलाबी, तपकिरी केसांसाठी पीच रंगाची. म्हणजे केस, डोळे, त्वचा तिन्ही एकत्र बघून मगच रंग ठरवायचा. आपल्याला तेवढंच उचलायचंय. आकार जुन्या फोटोतून घ्यायचा, रंग आणि गडदपणा मात्र आपल्या चेहऱ्यावरून ठरवायचा.

आता प्रत्यक्ष करायला घेऊ. आधी बेस. जुन्या फोटोत त्वचा कशी एकसारखी, मॅट, पावडर लावलेली दिसते. गोऱ्या आणि पातळ त्वचेवर आधीच लालसरपणा, नाकाच्या बाजूच्या बारीक शिरा, डोळ्यांखालची निळसर झाक सगळं पटकन दिसतं, म्हणून हात आपोआप जाड फाउंडेशनकडे जातो. तसं करू नका. जिथे लाल आहे तिथे अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच हिरवट करेक्टर, नाकाच्या कडेला, हनुवटीवर, आणि त्यावर पातळ बेस. दुकानात गोऱ्या मुलींना कित्येकदा पिवळट शेड देतात, मग चेहरा पिवळा आणि मान गुलाबी, त्यामुळे शेड हाताच्या मागे लावून बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाच्या बाहेर, खऱ्या उजेडात येऊन बघा, दुकानदार काही म्हणत नाही. पावडर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर, गालांवर नकोच, गोऱ्या त्वचेवर बारीक सुरकुत्या लवकर दिसतात आणि पावडर त्यांच्यात जाऊन बसते. रात्रीच्या फंक्शनला फ्लॅशने फोटो निघणार असतील तर ती पांढरी सिलिका पावडर आणि भरपूर सनस्क्रीनवाला बेस टाळा, फोटोत चेहरा पांढराफटक येतो, गोऱ्या मुलींचा तर जास्तच.

डोळ्यांचं थोडक्यात सांगते. ते वर काढलेलं लायनर म्हणजे १९५० च्या दशकाची खूण, आणि गोऱ्या चेहऱ्यावर जेट ब्लॅक लिक्विड लायनर लावलं की आधी लायनर दिसतं, मग डोळे. मी काय करते, पापणीच्या केसांच्या अगदी मुळाशी काळी बारीक रेघ, आणि बाहेरची शेपटी गडद तपकिरी रंगाने, तिरप्या ब्रशने, ओली करून. लांबून ती काळीच वाटते, जवळून मऊ दिसते. खालच्या पापणीत काजळ भरू नका, त्याऐवजी फिकट पीच पेन्सिल, डोळे मोठे आणि ताजे दिसतात. हां, १९२० च्या दशकाचा लुक असेल तर गोष्ट वेगळी, १९२२ मध्ये तुतानखामुनची कबर सापडली आणि इजिप्तच्या काजळाचं वेड लागलं, तिथे डोळ्यांभोवती धुरकट काळेपणा हवाच, पण मग तो पसरवून घ्या आणि ओठ फिके ठेवा. भुवया मात्र कुणाच्या सांगण्यावरून बारीक कोरून घेऊ नका, परत यायला महिनोन्‌महिने लागतात, काहींच्या नीट येतही नाहीत. कन्सीलरने खालची कड झाकून एका संध्याकाळपुरती बारीक कमान काढता येते. आणि भुवया भरताना केस काळे असले तरी पेन्सिल तपकिरीच घ्या, केसांपेक्षा एक शेड फिकी.

आता लाल लिपस्टिक, ज्यावर मी तासभर बोलू शकते. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या हे बघून अंडरटोन, म्हणजे त्वचेची आतली झाक, ठरवायचा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो, माझा त्यावर फारसा विश्वास नाही, खोलीतला दिवा बदलला की शिरांचा रंग बदलतो. त्यापेक्षा असं करा. सकाळी तोंड धुवून, काहीही न लावता खिडकीशी उभ्या राहा, गळ्याशी पांढरा दुपट्टा घ्या, आणि दोन लाल लिपस्टिक आणा, एक निळसर लाल, म्हणजे डाळिंबाच्या बाजूची, आणि एक केशरी लाल, टोमॅटोच्या बाजूची. अर्ध्या ओठावर एक, अर्ध्यावर दुसरी. ज्या बाजूला दात पांढरे दिसतात आणि डोळ्यांखालचं काळं कमी वाटतं ती तुमची बाजू. गुलाबी झाक असलेल्या गोऱ्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा निळसर लाल छान जातं, पण गालावर जास्त लाली असेल तर तेच लाल त्या लालीला अजून ओढून बाहेर काढतं, तेव्हा किंचित विटकरीकडे झुकणारं लाल घ्या. सोनेरी, बदामी झाक असलेल्या गोऱ्या रंगाला केशरी लाल फुलवतं. आणि लावताना कडेला लिप पेन्सिलने जरा गडद, मधे फिकट, मग बोटाने मधोमध टिपायचं, म्हणजे ओठ भरलेले दिसतात आणि चेहऱ्यावर लाल पट्टी मारल्यासारखं वाटत नाही. तीच लिपस्टिक बोटावर घेऊन गालांवर अगदी जराशी थोपटा, वेगळा ब्लश लावायची गरज नाही. अजून एक आपल्याकडची गोष्ट, केसात मोगरा असेल तर कुठलंही लाल चालतं, पण अबोलीचा गजरा माळणार असाल तर निळसर लाल त्याच्याशी भांडतं, तिथे केशरी लालच घ्या.

डोळे आणि ओठ दोन्ही एकाच वेळी पूर्ण गडद नकोत हे मी प्रत्येकीला सांगते, बऱ्याच जणींना पटत नाही, मग मी एका बाजूला तसं करून दाखवते आणि आरसा हातात देते.

केसांकडे येऊ. गोरा चेहरा आणि काळे केस यात मुळातच खूप फरक असतो, त्यामुळे केस सगळे मागे ओढून चप्प बसवले की कपाळ अजून मोठं आणि चेहरा अजून फिका दिसतो, शिवाय भांगातली पांढरी टाळू रेघेसारखी चमकते. भांगात तपकिरी आयशॅडो ब्रशने भरा, लगेच फरक पडतो. आणि काही केस चेहऱ्याच्या कडेला येऊ द्या, त्यांची सावली लागते. साधना आठवते ना, १९६० च्या लव्ह इन सिमलामध्ये तिचं रुंद कपाळ झाकायला ती बटांची झालर कापली, ऑड्री हेपबर्नवरून घेतलेली, आणि मग सगळ्या देशात साधना कट झाला. रुंद कपाळाच्या गोऱ्या मुलींना मी अजूनही आधी तोच सुचवते, न कापता, क्लिपची बट लावून.

लाटा करायच्या असतील तर घाई चालत नाही. भांग एका बाजूला, भुवईच्या कमानीच्या वर. केसांत थोडं सेटिंग मूस, दीड-एक इंचाच्या बटा घेऊन टाँगवर, म्हणजे केस कुरळे करायच्या गरम दांड्यावर, गुंडाळायच्या, पण सगळ्या एकाच दिशेने, हे चुकलं की लाट बनतच नाही, कुरळे झुपके होतात. टाँगवरून काढलेली प्रत्येक बट तशीच गोल ठेवून डोक्याला चपटी क्लिपने बसवायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची, चहा घ्या, मेकप करा, पण हात लावू नका. मग क्लिपा काढून मऊ ब्रशने विंचरायचं, सुरुवातीला सगळं फुगतं आणि मुली घाबरतात, ताई हे काय झालं, पण विंचरत राहिलं की बटा एकमेकींत मिसळतात आणि लाट आपली जागा दाखवते. जिथे लाट आत जाते तिथे लांब क्लिप लावायची, स्प्रे मारायचा, दहा मिनिटांनी क्लिप काढायची. हॉलिवूडची नटी व्हेरॉनिका लेक हिच्यासारखी एका डोळ्यावर येणारी लाट मात्र लग्नात नको, दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचे तसे केस यंत्रात अडकतील म्हणून तिला स्वतःलाच केशरचना बदलायला लावली होती, आणि आपल्याकडे तर होमापाशी बसायचं असतं.

मुंबई-कोकणच्या बाजूला पावसाळ्यात लाटा तासाभरात उतरतात, कितीही स्प्रे मारा. तेव्हा समोर फक्त दोन लाटा पिनांनी घट्ट बसवा आणि मागे मानेवर खाली आंबाडा घाला, पैठणीवर हे अप्रतिम दिसतं. १९६० चा उंच पफ हवा असेल, शिकागोच्या मार्गारेट हेल्टने त्याच वर्षी बीहाइव्ह, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उंच आकार, काढला त्या धर्तीवर, तर बॅककोंबिंग, म्हणजे केस मुळाकडे उलटे विंचरून फुगवणं, टाळूच्या जरा मागे करा, कपाळाला लागून नको, फिका चेहरा लांबट दिसतो. आणि पांढरे केस झाकायला काळाकुट्ट डाय लावणाऱ्या गोऱ्या मावश्या-काकूंनो, तुम्हाला कळकळीने सांगते, गडद तपकिरी करून बघा एकदा, वय कमी दिसेल.

रात्री घरी आल्यावर लाल लिपस्टिक रुमालाने पुसू नका, ती ओठांभोवती पसरते आणि गोऱ्या त्वचेवर दोन दिवस गुलाबी डाग राहतो. खोबरेल तेल कापसावर घेऊन मिनिटभर ओठांवर दाबून धरा, मग बाहेरून आत पुसा. लायनरलाही तेच. केसांतला स्प्रे कोरडा विंचरू नका, आधी कंडिशनर लावून बोटांनी सोडवा, मग शॅम्पू. चला, भेटू पुढच्या वेळी, नमस्कार.