मटण कोणाचे?

(नागपुरातील एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

निमंत्रणपत्रिकेवर ‘कोकरू, वासरू आणि रानातल्या जनावरांचे मांस : पोषणमूल्ये’ असा विषय छापलेला पाहून ज्यांना कार्यक्रमाच्या शेवटी सावजी रस्सा असेल असे वाटले, त्यांना आधीच सांगतो की संयोजकांनी फक्त चहा ठेवला आहे. त्या चहाबद्दलही माझे काही म्हणणे आहे, ते पुढे येईलच.

मी आयुष्यभर पशुवैद्यक शिकवले, त्यामुळे माझी तक्रार खाण्याविषयी नसून एका शब्दाविषयी आहे. इंग्रजीत मटन म्हणजे वाढलेल्या मेंढीचे मांस आणि वर्षाच्या आतल्या कोकराचे ते लॅम्ब. आपल्याकडे मात्र ‘मटण’ म्हटले की बोकड. साहेब गेला, शब्द ठेवून गेला आणि आपण त्या शब्दाखालचे जनावर बदलले. बोलण्यात याने काही बिघडत नाही, आहाराच्या तक्त्यात मात्र फार बिघडते.

काही वर्षांपूर्वी माझे कोलेस्टेरॉल थोडे वाढले, तेव्हा एका रुग्णालयात मला छापील आहारपत्रक मिळाले. त्यात मटणापुढे, शंभर ग्रॅमला 294 कॅलरी आणि 21 ग्रॅम स्निग्धांश असे लिहून ‘पूर्ण बंद’ असा शेरा मारलेला होता. हे आकडे माझ्या ओळखीचे होते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात ते चरबीसकट शिजवलेल्या कोकराच्या मांसापुढे दिलेले आहेत. मी आहारतज्ज्ञ मुलीला विचारले, “मॅडम, हे जनावर कोणते?” ती म्हणाली, “सर, मटण.” मी म्हटले, “ते कळले, पण कोणाचे?” तिने क्षणभर विचार करून सांगितले, “सर, दुकानातले.” तिचा दोष नव्हता, कारण तिच्या संगणकात तेवढी एकच ओळ होती. सौभाग्यवती मात्र शेजारीच बसल्या होत्या आणि त्यांनी तो शेरा ब्रह्मवाक्य मानला. परिणामी त्या वर्षी धुळवडीला सारा मोहल्ला सकाळपासून डबे घेऊन मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभा असताना मी घरी दोडक्याची भाजी खात होतो.

त्याच अमेरिकी तक्त्यात बोकडाची ओळ वेगळी आहे : भाजलेल्या शंभर ग्रॅम मांसात 143 कॅलरी, 27 ग्रॅम प्रथिने आणि स्निग्धांश जेमतेम 3 ग्रॅम. कोणी म्हणेल की ही तुलना अन्यायाची आहे, आणि ते काही अंशी खरे आहे, कारण बोकडाचा आकडा निव्वळ मांसाचा आहे; पण कोकराची दिसणारी चरबी काढून टाकली तरी स्निग्धांश 9 ग्रॅमच्या वरच राहतो. याचे कारण शरीररचनेत आहे. मेंढी आपली चरबी कातडीखाली आणि स्नायूंच्या मधे साठवते, तर शेळी ती मुख्यतः पोटात, आतडी आणि गुर्द्यांभोवती साठवते, म्हणजे खाटीक ती हाताने उचलून बाजूला ठेवू शकतो. त्यानंतर आपणच “भाऊ, थोडी चरबी टाका वरून” असे सांगतो, ही गोष्ट निराळी. सीन्याच्या, म्हणजे छातीच्या, तुकड्यांत आणि लालभडक तर्रीतही हिशेब चढतो, पण तो बोकडाच्या नावावर मांडू नये. जुन्या सावजी घरांत रश्श्याला जवसाचे तेल वापरत आणि त्या तेलात ओमेगा-3 भरपूर असते. त्यावर तासभर बोलता येईल, पण संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि तिच्यावर ‘पाच मिनिटे’ असे लिहिले आहे, तेव्हा जो विषय छापला आहे तो आता उरकतो.

शिजवलेल्या शंभर ग्रॅम मांसात लोह किती, ते पाहा : वासरात सुमारे 1 मिलिग्रॅम, कोकरात 2 च्या आसपास, बोकडात 3.7 आणि हरणात 4.5. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या लोह असलेल्या प्रथिनामुळे येतो आणि ते वयाबरोबर व स्नायूंच्या कामाबरोबर वाढते. दुधावर पोसलेल्या, फारशा न हिंडलेल्या वासराचे मांस म्हणूनच फिकट असते. गाईच्या वासराचा प्रश्न आपल्या राज्यात 1976 च्या कायद्यानेच मिटवला आहे.

रानातल्या जनावराचे मांस सगळ्यांत सडसडीत असते. हरणात 30 ग्रॅम प्रथिने आणि 3 ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे आपला बोकड कोकरापेक्षा हरणाच्या जवळचा ठरतो. परदेशात बंदुकीने मारलेल्या शिकारीत शिशाचे कण राहण्याची भीती असते; आपल्याला ती नाही, कारण 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीलाच बंदी आहे. पेंच आणि ताडोबा इतके जवळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

बी-12 जीवनसत्त्व या सर्व मांसांतून मिळते. कलेजीत अ जीवनसत्त्व इतके असते की गरोदर बाईने ती टाळावी. मांसातले लोह शरीरात सहज शोषले जाते आणि सोबतच्या भाकरीतले लोहही ते शोषायला मदत करते, पण जेवणावर लगेच चहा घेतला की भाकरीतले ते लोह बरेचसे वाया जाते. म्हणून संयोजकांचा चहा मी तासाभराने घेईन. दुपारी घरी बोकडच होते.