दारासमोरचं नाव

नमस्कार मंडळी. नाझींनी साठ लाख ज्यू मारले हे आपण शाळेत वाचलेलं असतं, पेपरात लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला. पण खरं सांगा, साठ लाख माणसं म्हणजे किती हे डोळ्यासमोर येतं का? माझ्या तरी येत नाही. म्हणून आज एका छोट्याशा दगडाबद्दल बोलूया.

जर्मनीत कोलोन, हॅम्बुर्ग, बर्लिन कुठेही फुटपाथवरून चाललात की एखाद्या बिल्डिंगच्या दारासमोर फरशीत बसवलेला चौकोनी ठोकळा दिसतो, जेमतेम दहा सेंटीमीटरचा, वर पितळी पत्रा. त्याला म्हणतात स्टॉल्परस्टाइन, म्हणजे अडखळायचा दगड. पत्र्यावर हाताने ठोकलेली अक्षरं, इथे अमुक राहत होती, जन्म अमुक साली, अमुक साली पकडून नेली, आणि खाली रिगा, तेरेझिन, ऑशविट्झ असं नाझींनी जिथे नेलं ते एखादं ठिकाण. बस्स, एवढंच. नीट वाचायचं तर वाकावं लागतं.

हे काम गुंटर डेम्निग या कलाकाराने 1992 मध्ये कोलोनला सुरू केलं. फक्त ज्यूंसाठी नाही हं, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणायचे), अपंग, समलिंगी, नाझींनी ज्यांना ज्यांना संपवलं त्या सगळ्यांसाठी. 2023 मध्ये एक लाखावा दगड बसला. तीस वर्षांत एक लाख, आता साठ लाखांचा हिशोब तुम्हीच करा.

मला यातली सगळ्यात भिडलेली गोष्ट म्हणजे जे वाचले त्यांचेही दगड बसवतात. म्हणजे आईवडील छावणीत गेले आणि मुलीला 1939 मध्ये ट्रेनने इंग्लंडला पाठवलं म्हणून ती जगली, तर तिघांचे दगड शेजारी शेजारी, कारण घर तर तिचंही मोडलंच ना.

असे निसटलेले काही जण आपल्या मुंबईतही आले होते बरं का. आकाशवाणीची ती सिग्नेचर ट्यून, सकाळी सकाळी वाजणारी, ती करणारे वॉल्टर काउफमान हे प्रागहून 1934 मध्ये मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. किती पिढ्या त्या ट्यूनवर उठल्या, पण नाव किती जणांना माहीत असतं!

आणि जे निसटले नाहीत त्यांचं काय, तर त्यांची मुलं नाहीत, नातवंडं नाहीत. 1939 मध्ये जगात सुमारे 1 कोटी 66 लाख ज्यू होते, आज ऐंशीहून जास्त वर्षांनीही तो आकडा परत गाठलेला नाही, दीड कोटीच्या थोडा वर आहे. तेवढ्या काळात आपण भारतीय तिपटीहून जास्त झालो. एकट्या पोलंडमध्ये 33 लाखांतले 30 लाख गेले. गावंच्या गावं जिथे बाजारात, घरात यिडिश ही तिथल्या ज्यूंची भाषा बोलली जायची, तिथे आज ती बोलणारं कुणी नाही. मारून झालं की संपलं असं होत नाही, ते पुढे पिढ्यान् पिढ्या चालूच राहतं.

आता या दगडांवरून भांडणही आहे. म्युनिकने सार्वजनिक फुटपाथवर ते बसवायला बंदी घातली आहे, आणि त्यामागे तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट नॉब्लोख यांचा मोठा वाटा. एका कॅथलिक बाईने स्वतःची मुलगी म्हणून गावाकडे सांभाळलं म्हणून त्या लहानपणी वाचल्या. त्यांचं म्हणणं, या माणसांना तेव्हा पायाखाली तुडवलं, आता त्यांच्या नावावर पुन्हा बूट कशाला? ज्या बाईने ते दिवस काढले तिला आपण काय उत्तर देणार? तरी मला वाटतं रोज येता जाता दिसणारी गोष्ट माणूस सहजासहजी विसरत नाही, आणि जर्मन शाळांतली मुलं 9 नोव्हेंबरला, म्हणजे 1938 मध्ये ज्यूंची घरं-दुकानं फोडली त्या रात्रीच्या स्मरणदिनी, गुडघ्यावर बसून ते पितळ घासून पुसून चकचकीत करतात तेव्हा ते नाव त्यांच्या वाचनात येतंच.

आपली बरीच मराठी मुलं हल्ली नोकरीसाठी तिकडे आहेत. तुमचं कुणी असेल तर सांगा, भाड्याच्या घराच्या दारासमोर एकदा बघ म्हणावं. म्युनिकला असेल तर खाली शोधू नको म्हणावं, तिथे नावं भिंतीवर आणि खांबांवर, डोळ्यांच्या उंचीला लावलेली असतात.