पुरस्कार पुण्याला, बस कुठाय?

[दृश्य : सांगवी ते किवळे बीआरटी मार्ग, म्हणजे बससाठी रस्त्याच्या मध्यात राखून ठेवलेली मार्गिका. सकाळची गर्दी. बस थांब्याला लागते.]

थांब्याला बस लावताना चालकाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बसचं दार थांब्याच्या दारासमोर यायला हवं, आणि बस व फलाट यांच्यात फट राहता कामा नये. इथे बसला उजव्या बाजूला दारं आहेत, कारण थांबा रस्त्याच्या मध्यात आहे. फलाटाची उंची बसच्या तळाइतकी. पायरी नाही. कडेवर मूल घेतलेली बाई, गुडघे धरून चालणारे आजोबा, पाठीला दप्तर लावलेली पोरं, सगळे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसे आत जातात.

अर्थात, बस नीट लागली तर. चालकाने हातभर अंतर ठेवलं की तेच आजोबा खाली बघत थबकतात, मागून कुणीतरी "चला काका, चला" म्हणतं, आणि जगभरच्या तज्ज्ञांनी वाखाणलेली योजना त्या हातभर फटीत अडकून बसते.

वाखाणलेली म्हणजे खरोखरच वाखाणलेली.

[दृश्य : फोर्तालेझा शहराचा किनारा, परिषदेचं सभागृह.]

जून २०१९. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात शहरी वाहतुकीची एक जागतिक परिषद भरली होती. 'इन्स्टिट्यूट फॉर ट्रान्सपोर्टेशन अँड डेव्हलपमेंट पॉलिसी' या संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी एका शहराला 'सस्टेनेबल ट्रान्सपोर्ट अवॉर्ड' दिला जातो. निवड समितीत जागतिक बँक, यूएन हॅबिटॅट यांसारख्या संस्थांची माणसं असतात. पहिला पुरस्कार २००५ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला मिळाला होता. पुढे सोल, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क अशी नावं त्या यादीत आली. २०२० च्या पुरस्कारासाठी फोर्तालेझात नाव पुकारलं गेलं ते पुण्याचं.

बातमी इकडे पोचली तेव्हा कित्येक पुणेकरांनी आधी एकच प्रश्न विचारला : कुठलं पुणं?

प्रश्न अगदीच खवचट नव्हता. आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढे गेल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. पीएमपीच्या, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवेच्या थांब्यावर अर्धा तास ताटकळलेल्या माणसाला फोर्तालेझातलं कौतुक सांगायचं तरी कसं?

पण समितीने पुण्यात नेमकं काय पाहिलं, ते समजून घ्यायला तेरा वर्षं मागे जावं लागतं.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. सातारा रस्ता, स्वारगेट, हडपसर.]

डिसेंबर २००६. केंद्र सरकारचं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण त्याच वर्षी आलं होतं. गाड्या नव्हे, माणसं हलवायची, असा त्याचा रोख. शहरांच्या विकासासाठीच्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेचे पैसे हाताशी होते. पुण्याने देशात सगळ्यात आधी उडी घेतली आणि कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू केली.

ती फसली. स्पष्टच बोलू. मार्गिका सलग नव्हती. मध्यातल्या थांब्यापर्यंत पोचायचं तर भरधाव गाड्यांमधून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागे. बसच्या मार्गिकेत दुचाक्या घुसत, आणि त्यांना अडवायला उभा केलेला रक्षक शिट्टी फुंकून फुंकून दमून जाई. वर्षानुवर्षं 'बीआरटी' ही तीन अक्षरं उच्चारली की पुणेकर कपाळाला हात लावायचा. बस चालवायची कशी हे शहराला शिकवायची गरज नव्हती, पीएमटी ही पुण्याची जुनी बससेवा १९५० पासून रस्त्यावर होती. बसपर्यंत पायी पोचायची वाट कुणी आखली नव्हती, एवढंच.

अहमदाबादने पुण्याचं हे सगळं पाहिलं आणि घाई केली नाही. त्यांचा 'जनमार्ग' २००९ मध्ये सुरू झाला. बंदिस्त थांबे, समतल फलाट, सलग मार्गिका. २०१० चा हाच पुरस्कार अहमदाबादला मिळाला. पहिलं पाऊल पुण्याचं आणि शाबासकी शेजारच्या राज्याला, हे इथल्या नियोजनकारांना चांगलंच झोंबलं असणार.

[दृश्य : संगमवाडी-विश्रांतवाडी मार्ग. रंगीत फलक.]

ऑगस्ट २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी मार्ग 'रेनबो बीआरटी' या नावाने सुरू झाला. पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमधला सांगवी-किवळे मार्ग, २०१६ मध्ये नगर रस्ता. या वेळी २००६ च्या चुकांची यादी समोर ठेवून काम केलेलं दिसतं. समतल फलाट, उजवीकडची दारं, थांब्यापर्यंत पोचायला आखलेलं क्रॉसिंग.

यातला सगळ्यात शिकवणारा मार्ग दापोडी ते निगडी. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर बांधकाम करून ठेवलेलं, पण बस मात्र नाही. प्रकरण जनहित याचिकेतून उच्च न्यायालयात गेलं होतं. मुद्दा साधा होता : ग्रेड सेपरेटरमधून, म्हणजे चौक टाळून जाणाऱ्या विनाथांबा रस्त्यावरून सुसाट येणारी गाडी आणि मार्गिकेतली बस एकमेकांसमोर आल्या तर? आयआयटी मुंबईकडून सुरक्षेची तपासणी करून घेण्यात आली, सुधारणा झाल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बस धावू लागली. मधल्या काळात पालिकेची भरपूर टिंगल झाली. पण नागरिकाने शंका घ्यायची, न्यायालयाने ती ऐकायची, अभियंत्यांनी येऊन मोजमाप करायचं आणि मग बस सोडायची, हा क्रम मला तरी त्या चकचकीत थांब्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

[दृश्य : जंगली महाराज रस्ता, संध्याकाळ. रुंद पदपथ, बसलेली माणसं, खेळणारी मुलं.]

समितीने बसपलीकडेही पाहिलं. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही तयार केली. ती कागदावरून उतरलेली पाहायची असतील तर जंगली महाराज रस्त्यावर चालून बघा. संभाजी बागेच्या बाजूला पदपथ इतका रुंद केलाय की चौघं शेजारी-शेजारी गप्पा मारत जाऊ शकतात, आणि पुण्यात गप्पांसाठी तेवढी रुंदी लागतेच. झाडं तोडलेली नाहीत, त्यांच्याभोवती बसायला जागा केली आहे. गाड्यांच्या वाटणीचा रस्ता मोकळा सोडला तेवढाच. व्यापाऱ्यांनी सुरुवातीला कुरकूर केली, ती कुठे होत नाही?

महिलांसाठीच्या 'तेजस्विनी' बस ८ मार्च २०१८ ला रस्त्यावर आल्या. विजेवर चालणाऱ्या बस फेब्रुवारी २०१९ मध्ये. भाड्याच्या सायकली विद्यापीठात आणि औंधमध्ये २०१७ च्या अखेरीस आल्या, गाजल्या आणि पुढच्या काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. पार्किंगचं धोरण २०१८ मध्ये कसंबसं मंजूर झालं, अंमलबजावणी मात्र रखडली. रस्त्यावर फुकट गाडी लावणं हा पुण्यात जवळपास जन्मसिद्ध हक्क आहे. त्याला हात घालायची हिंमत कोणत्याही पक्षाच्या नगरसेवकाला झाली नाही.

[दृश्य : क्षेत्रीय कार्यालय. टेबलावर अर्ज, पेन, चहाचा कप.]

पण पुण्याच्या पुरस्काराच्या अर्जातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ना बस होती ना सायकल. ती म्हणजे एक साधा अर्ज, पालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी काम सुचवण्याचा. २००६-०७ पासून पुण्यात ही सोय आहे. आपल्या प्रभागात एक काम सुचवा, खर्च पाच लाखांच्या आत ठेवा, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या. पाच लाखांत उड्डाणपूल होत नाही. पण बसथांब्यावर छप्पर होतं. शाळेसमोरचा तुटलेला पदपथ होतो. अंधाऱ्या गल्लीत दिवे लागतात. चालणाऱ्याला आणि बसने जाणाऱ्याला जे लागतं, ते बहुतेक पाच लाखांच्या आतलंच असतं.

अर्ज केला की काम होतंच असं नाही. झालंच, तर बाकावर नाव कुणाचं येतं हे पुणेकरांना सांगायला नको. "यांच्या प्रयत्नांतून" असं रंगवलेल्या त्या बाकावर मूळ अर्ज करणाऱ्या आजी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या असू शकतात.

या शहरात बसविषयी बोलणारी माणसं नेहमीच होती. 'परिसर'सारखी संस्था अनेक वर्षं पादचारी, सायकल आणि बस हाच धोशा लावून आहे. पीएमपीच्या प्रवाशांचा स्वतःचा मंच आहे. १ नोव्हेंबर २०१२ ला 'सकाळ'ने बस डे घडवून आणला : एक दिवस जादा बस रस्त्यावर उतरवायच्या आणि लोकांनी गाडी घरी ठेवायची. एका दिवसाने फार बदललं नाही. पण बस वाढवल्या तर लोक चढतात, हे शहराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

[दृश्य : नगर रस्ता. बीआरटीच्या जागी धावणारी वाहनं.]

मग २०२० उजाडलं. पुरस्कारानंतरची परिषद पुण्यात व्हायची होती, पण कोविडने सगळंच उधळलं. आणि २०२३ मध्ये नगर रस्त्यावरची बीआरटी काढायला सुरुवात झाली. थांबे हटवले आणि ती जागा इतर वाहनांना खुली केली. वाहतूक कोंडी होते, हे कारण. कोंडी होतीच, खोटं नाही. पण बसची मार्गिका काढून मोकळी झालेली जागा गाड्या किती दिवस मोकळी ठेवतात, याचं उत्तर पुण्यातल्या कुठल्याही उड्डाणपुलाला विचारावं.

लक्ष्मी रस्त्यावर उलटं घडलं. ११ डिसेंबर २०२१ ला नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भर बाजारपेठेतला पट्टा महापालिकेने गाड्यांना बंद केला आणि पादचारी दिन साजरा केला. साडी खरेदीला आलेल्या बायका चक्क रस्त्याच्या मधोमध चालत होत्या. पुढच्या वर्षांतही त्या तारखेला तो होत राहिला. वर्षातून एक दिवस.

[दृश्य : दापोडी-निगडी मार्ग. बस येते, प्रवासी चढतात.]

हा पुरस्कार एकदाच मिळतो असं नाही. बोगोटाला तो २०२२ मध्ये पुन्हा मिळाला, पॅरिसला २०२३ मध्ये. पुण्याने उद्या दुसऱ्यांदा दावा केला, तर जुन्या अर्जातल्या सायकली कुठे गेल्या, पार्किंग धोरण कुठल्या कपाटात आहे आणि नगर रस्त्यावरचे थांबे का काढले, हे सगळं लिहून द्यावं लागेल. दापोडी-निगडीचं पान मात्र पुण्याच्या हातात नाही. तो मार्ग पिंपरी-चिंचवड महापालिकेचा आहे, आणि तिथली बस पीएमपीची.