वावरातून दिसणारं जग

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी बातम्या लागल्या की आपल्या गावांमधून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "जगच बिघडलं बाप्पा, आपल्याच्यानं काय होते?" युक्रेन असो, गाझा असो, पडद्यावर कोसळलेली घरं दिसतात, ढिगाऱ्यात माय शोधणारी लेकरं दिसतात. मग ऐकणारा मान हलवतो, उठतो आणि ढोरांना चारा टाकायला जातो. थकलेल्या माणसाचं वाक्य आहे ते, त्याला मी दोष देणार नाही. पण आज मला त्या वाक्याशी भांडायचं आहे, आणि त्यासाठी आपल्याच काळ्या मातीतल्या काही गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतली राज्यं गुलामगिरी सोडायला तयार नव्हती, कारण तिथला कापूस गुलामांच्याच हातांनी पिकत होता. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1853 पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होताच. भाव चढत गेला, बाजार गाड्यांनी भरले आणि ज्वारीची वावरं पऱ्हाटीखाली आली. 1865 मध्ये लढाई संपली. अमेरिकेचा कापूस पुन्हा बोटींवर चढला आणि आपल्याकडचा भाव घसरला. सारा आणि सावकाराचं व्याज मात्र भावासोबत खाली आलं नाही. पोटाच्या पिकाची जागा बाजाराच्या पिकाला दिलेल्या ह्या मुलखावर पुढे 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले, तेव्हा माणसं कशी मेली ते घरोघरच्या म्हाताऱ्यांनी पुढच्या पिढ्यांना सांगून ठेवलं आहे.

म्हणजे युद्ध आपल्यापासून कधीच दूर नव्हतं. 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि आपल्या कृषी केंद्रावर खताची टंचाई आणि स्वयंपाकघरात तेलाचा भाव, दोन्ही एकदम जाणवले. त्याच वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. म्हणून पुढच्या हंगामात लोकांनी तो विकला नाही, घरात भरून ठेवला. लेकरांच्या अंगाला खाज सुटली तरी ठेवला, आणि शेवटी सात-आठ हजारांत काढून टाकला. ऑगस्ट 2025 मध्ये, अमेरिकेनं आपल्या मालावर जबर शुल्क लावलेलं असताना, आपल्याकडे कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ झालं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून वेचणीला लागायचे ते दिवस. दूरच्या कुणीतरी कागदावर सही करावी आणि यवतमाळ-वाशिमच्या वावरात त्याचा हिशेब लागावा, हे आपण दीडशे वर्षं पाहतो आहोत.

आता ह्याच कापसाची दुसरी बाजू सांगते. माझ्या मते ती शाळेत प्रत्येक लेकराला शिकवायला हवी, पण ती फारशी कुणाला ठाऊक नाही.

बंदरं रोखली गेली तेव्हा लँकेशायरचे गिरणी कामगार उपाशी पडले. गिरण्यांना कुलपं, घरात चूल नाही, दानधर्माच्या अन्नावर दिवस. इंग्लंडमधले कितीतरी पैसेवाले म्हणत होते की आपल्या सरकारनं दक्षिणेची बाजू घ्यावी, नाकेबंदी मोडावी, म्हणजे कापूस येईल. कामगारांनीही तेच म्हटलं असतं तर त्यांना कोण नावं ठेवणार होतं? पण 31 डिसेंबर 1862 च्या रात्री मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगार जमले आणि त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना पत्र पाठवायचं ठरवलं. गुलामगिरी संपवा, आमचा तुम्हाला पाठिंबा आहे, असा त्याचा आशय होता. 19 जानेवारी 1863 ला लिंकननी त्यांना उत्तर लिहिलं, आणि त्यांच्या त्यागाची थोरवी मान्य केली. लँकेशायरचे सगळेच कामगार असे होते असं नाही. काही गावं दक्षिणेच्या बाजूनं बोलत होती. तरीपण ज्यांच्या पोटावर त्या युद्धाचा पाय पडला होता, त्यांच्यातल्याच पुष्कळांनी कधी न पाहिलेल्या, काळ्या कातडीच्या, सातासमुद्रापलीकडच्या माणसांची बाजू घेतली. डिसेंबर 1865 मध्ये अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपली. 1873 मध्ये इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपला एक ग्रंथ अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. आपल्या शूद्र बांधवांसाठी त्यांनी त्या घटनेतून धीर घेतला.

एकाच युद्धात व्यापाऱ्याला भाव दिसला आणि उपाशी कामगाराला माणूस दिसला. लोभ हा माणसाचा स्वभावच आहे असं सांगणाऱ्यांना मी ही रात्र सांगत असते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार आहे. दुसरं महायुद्ध सुरू होतं, आणि आपल्याला न विचारता इंग्रजांनी हिंदुस्थानला त्यात ओढलं होतं. 17 ऑक्टोबर 1940 ला विनोबा भावे पवनारात उभे राहिले आणि ह्या युद्धाला पैशानं किंवा माणसानं मदत करू नका असं जाहीर बोलले. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही ते. काही दिवसांतच त्यांना अटक झाली. अवघं जग शस्त्रं घासत असताना एका खेड्यातून एका माणसानं नाही म्हटलं.

मग 1949 चा डिसेंबर. महायुद्ध संपून चार वर्षं, हिरोशिमावर बॉम्ब पडून चार वर्षं, गांधीजींचा खून होऊन दोन वर्षंही पुरी नव्हती. शांततेसाठी काम करणाऱ्या जगभरच्या माणसांची परिषद आधी शांतिनिकेतनला आणि मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या सेवाग्रामला भरली. गांधीजी असतानाच तिचं ठरलं होतं. ते गेले तरी माणसं आली. कुडाच्या भिंतींच्या आणि कौलांच्या त्या आश्रमात बसून त्यांनी युद्धाशिवाय जगाचं कसं चालेल ह्याचा विचार केला.

आणि सहा महिन्यांत कोरियात लढाई सुरू झाली.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आशेबद्दल बोलणारे लोक हा भाग गाळतात. परिषद झाली आणि युद्धं थांबली, असं घडलं नाही. 1951 मध्ये विनोबा वर्ध्याहून पायी निघाले, तेलंगणात 18 एप्रिलला पोचमपल्लीत पहिली 100 एकर जमीन दानात मिळाली आणि भूदान सुरू झालं. त्यातलीही पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. 1964 मध्ये महाराष्ट्रात ग्रामदानाचा, म्हणजे गावची जमीन ग्रामसभेच्या नावे करायचा, कायदा झाला, आणि पुढे तो बहुतेक लोक विसरून गेले.

पण सगळे विसरले नाहीत. गडचिरोलीत धानोऱ्याजवळ मेंढा-लेखा म्हणून गोंडांचं गाव आहे, शंभरेक घरांचं. त्या जिल्ह्यातल्या माणसांनी कित्येक वर्षं दोन बंदुकांच्या, नक्षल्यांच्या आणि पोलिसांच्या, मधे संसार केला, रात्री एक दार ठोठावायचा आणि सकाळी दुसरा. अशा मुलखात ह्या गावानं ठरवलं की आपले निर्णय सगळ्यांच्या संमतीनं घ्यायचे. बहुमतानं नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. ते भांडत राहिले, आणि एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. 2013 मध्ये ह्या गावानं तोच जुना ग्रामदान कायदा बाहेर काढला आणि आपापली जमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. ज्याची जमीन त्यानंच कसायची, पण ती बाहेरच्याला विकता येणार नाही. कायदा होऊन तोवर जवळपास पन्नास वर्षं झाली होती.

चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची गोष्ट मला त्याहूनही जवळची वाटते. 2012 मध्ये त्यांना जंगलावर हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला हमखास पैसा. पण चांगली कोवळी पानं यावीत म्हणून जंगलात आगी लावतात, झाडं छाटतात. ग्रामसभेनं बसून विचार केला आणि तेंदू तोडायचा नाही असं ठरवलं. बांबूवर भागवू म्हणाले, आणि भागवलं. गरिबाला पैसा दिसला की तो थांबत नाही असं शहाणी माणसं सांगतात. पाचगाव थांबलं, आणि तिथे श्रीमंत कुणी नाही.

आता थोडं कडू बोलते, आपली माणसं म्हणून. आपण कापसाला न्याय्य भाव मागतो, तो मागायलाच हवा. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, आणि कितीतरी जणांनी त्याच्या खाली व्यापाऱ्याला माल दिला. हा अन्याय आहे. पण त्याच वावरात निंदण करणाऱ्या बाईला आपण गड्यापेक्षा कमी मजुरी देतो. दिवसभर ओणवी राहते ती, पाठीवर ऊन, काखेत लेकरू. सारख्या कामाला बाईमाणसाला सारखी मजुरी द्यावी हा कायदा 1976 मध्येच झाला होता. परवडत नाही, हे खरंच आहे, मी वावरातलीच आहे, मला हिशेब कळतो. पण लँकेशायरच्या त्या कामगारांना तरी कुठे परवडत होतं? जगात न्याय नाही म्हणून आपल्या धुऱ्याच्या आतही तो नको, हे मला पटत नाही.

दरवर्षी 19 मार्चला राज्यातले कितीतरी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. 1986 मध्ये त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं जीव दिला, त्यांच्या आठवणीत. मीही करते. ज्यांच्या घरात असं घडलं आहे, त्यांना आशा ठेवा म्हणून सांगायची माझी हिंमत होत नाही. त्यांच्या दारी जाऊन बसावं, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागलं का ते विचारावं, लागलं नसेल तर तिच्यासोबत तलाठ्याकडे जावं, एवढं मला कळतं. कुणी आत्ता ऐकत असेल आणि जीव नको झाला असेल, तर जवळच्या कुणाला तरी आज, ह्याच वेळी सांगा. एकट्यानं राहू नका.

बाकीच्यांना माझं एक मागणं आहे. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात, आणि प्रत्येकीच्या आधी महिलांची सभा. त्या महिला सभेत निंदणाच्या आणि वेचणीच्या मजुरीचा विषय मांडा, लेखी द्या, आणि ठराव झाला की त्याची नक्कल मागून घ्या. आमच्या गावात मागच्या वेळी हा विषय निघाला तेव्हा अर्धी माणसं उठून गेली. येत्या ग्रामसभेत आम्ही तो पुन्हा मांडणार आहोत, आणि ह्या वेळी उठून गेलेल्यांच्या घरी आधीच जाऊन बोलणार आहोत.

नमस्कार.